एक काना, एक फेरी

१० जानेवारी, शनिवार

जगात मोठमोठे अन्याय होतात आणि ते पेपरात छापून येतात. आज माझ्यावर झालेला अन्याय पेपरात छापून येणार नाही, कारण तो आधीच छापलेला आहे. माझ्या छातीवर.

संस्थेचे नवे टी-शर्ट आले. पिवळेधमक. त्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत: मी धावते.

मी पुरुष आहे. वय अठ्ठेचाळीस, मिशी आहे, गाद्यांचं दुकान आहे. संस्थेच्या अध्यक्षांकडे रीतसर तक्रार केली. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, सगळेच त्यांना बाई म्हणतात आणि त्यांच्यासमोर आपोआप सरळ उभे राहतात. बाई म्हणाल्या, अहो, मुलींना धावायला शिकवणारी संस्था आहे, तुमच्या एकट्यासाठी व्याकरण बदलू का?

बदलू नका. मी समर्थ आहे. घरी आलो, गाद्यांवर नंबर टाकायचा पक्का मार्कर काढला आणि 'ते'ला एक काना दिला. मी धावतो. एका रेघेत प्रश्न मिटला.

बायको लांबून बघत होती. म्हणाली, प्रत्यय सुधारलात, आता क्रियापदाचंही बघा.

न समजलेले विनोद मी सोडून देतो.

१३ जानेवारी, मंगळवार

नव्या वर्षात कामाची नोंद ठेवायची असं ठरवलंय, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

सात ते बारा वर्षांच्या मुली. आठवड्यातून तीन संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर जमतात. धावायचं, आणि धावता धावता धीट व्हायचं, अशी कल्पना. मी मुख्य स्वयंसेवक. तसं कोणी म्हटलेलं नाही, पण शिट्टी माझ्याकडे आहे.

दुसरी स्वयंसेवक दातांची डॉक्टर आहे. माझ्यानंतर वर्षभराने आली. माझ्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान. मुली तिला ताई म्हणतात. मला काका. दोन वर्षांत अख्खी पिढी कशी काय बदलली? मी सुचवलं की मला सर म्हणा. दोन दिवस सरकाका म्हणाल्या. आता शिट्टीकाका म्हणतात.

डॉक्टर मुलींबरोबर धावते. सगळ्या फेऱ्या. वर धावता धावता त्यांच्याशी गप्पा मारते आणि त्या हसतात. मला हे पटत नाही. शिकवणाऱ्याने बाहेर उभं राहून बघायचं असतं. आतून धावणाऱ्याला काय दिसणार? पुढच्याची पाठ.

माझी लेकही या मुलींत आहे. अकरा वर्षांची. पहिल्याच दिवशी मी जाहीर केलं होतं, मैदानावर मी कोणाचाही बाबा नाही, इथे मला बाबा म्हणायचं नाही. तेव्हापासून मैदानावर तीही मला काका म्हणते, आणि अहो-जाहो करते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोणाचे काका आलेत म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

१५ जानेवारी, गुरुवार

आज मैदानावर पोचायला थोडा उशीर झाला. गिऱ्हाइकाला स्प्रिंगची गादी दाखवत होतो. आडवं होऊन दाखवल्याशिवाय गादी कळत नाही. गिऱ्हाईक गेल्यावरही मी काही वेळ दाखवत राहिलो.

उशिरा येणाऱ्याने मैदानाची एक जादा फेरी मारायची, हा नियम माझाच. उत्तम नियम आहे. पण तो लहानांसाठी आहे, हे लिहायचं राहिलं होतं.

मुलींत एक सर्वांत छोटी आहे. पुढचे दोन दात पडलेत, म्हणून सगळ्या तिला खिडकी म्हणतात. माझी फेरी तिने लगेच जाहीर केली. मी म्हटलं, नंतर. ती म्हणाली, काका, मग एक फेरी बाकी. आणि मध्ये थांबायचं नाही हं, थांबलेली फेरी आपण धरत नाही.

डॉक्टर हसली. तोंड मिटून हसली, पण मला दिसलं.

१७ जानेवारी, शनिवार

खिडकी: काका, एक फेरी बाकी.

मी गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, बाळा, गुडघा. ऐन वेळी सुचलं. मोठ्या माणसाने गुडघा म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. मैदानभर लंगडलो. उजव्या पायाने सुरुवात केली होती, शेवटी डाव्याने लंगडत होतो असं वाटतं. कोणाच्या लक्षात आलं नसावं.

लेकीने माझी पाण्याची बाटली उचलून आणून दिली. न सांगता. गुडघा उपयोगाचा आहे.

२४ जानेवारी, शनिवार

मोठी बातमी. एक मार्चला मुलींची पाच किलोमीटरची दौड. बाईंनी पद्धत समजावली. प्रत्येक मुलीला एकाच नंबरचे दोन कापडी तुकडे मिळतील. एक तिने आपल्या छातीवर लावायचा, दुसरा तिला जो सोबती हवा त्याला द्यायचा. त्याला म्हणायचं जोडनंबर. सोबत्याने शेवटपर्यंत तिच्या बाजूने धावायचं. निवड मुलीची. त्यात कोणी बोलायचं नाही.

लेकीचा जोडनंबर कोणाकडे येणार हा प्रश्नच नाही. प्रश्न उरलेल्या मुलींचा. पाच-सहाजणी माझ्याकडे आल्या तर नाही कसं म्हणायचं? एक वाक्य तयार केलंय: बाळा, तुझ्या विश्वासाने मी भारावलो आहे, पण बापाचं कर्तव्य आधी. आरशासमोर म्हणून बघितलं. "भारावलो"पाशी आवाज छान दाटतो.

२९ जानेवारी, गुरुवार

पाळत ठेवल्यावर माणूस कळतो.

डॉक्टरच्या युक्त्या: एक, प्रत्येक मुलीच्या शाळेतल्या भांडणांची तिला माहिती आहे. दोन, सर्वांत मागे राहणाऱ्या मुलीबरोबर ती स्वतः मागे राहते आणि मग दोघी मिळून शेवटच्या आल्याबद्दल टाळ्या वाजवतात. तीन, बुटांच्या नाड्या. एकीची सुटली की ही तिच्यासमोर जमिनीवरच बसते आणि आपलीही सोडते, मग दोघी एकदम बांधतात. अशाने लोकप्रिय कोण होणार नाही?

आज मीही एकीची नाडी बांधायला बसलो. उठताना दोन मुलींनी ओढून काढलं. गुडघ्याची गोष्ट खरी वाटायला मदत झाली.

संध्याकाळी लेक डॉक्टरच्या कानात काहीतरी सांगत होती. घरी येताना विचारलं काय सांगत होतीस. म्हणाली, काही नाही रे बाबा, असंच.

माझ्या कानात असंच कधी सांगितलं होतं, आठवत बसलो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बायकोने नवे बूट घेतले. म्हटलं, कशाला? म्हणाली, पायांत घालायला. हल्ली सकाळी सहालाच बाहेर पडते आणि घामाघूम होऊन येते. दूध आणायला बहुतेक. दुकान लांब गेलं असेल.

मला घरच्या गोष्टींत लक्ष घालायला वेळ नाही. नवी शिट्टी मागवली आहे, आधीच्यापेक्षा दुप्पट आवाजाची.

११ फेब्रुवारी, बुधवार

खिडकी आता घरापर्यंत पोचली.

जेवताना लेकीने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, बाबा, तुझा गुडघा आता बरा आहे का? मी लगेच ओळखलं. फेरी वसूल करायला हिला पाठवलंय. वकिलीसुद्धा किती गोड! पण मी असा सापडतो होय? म्हटलं, कसला बरा, वाढलाय. ती म्हणाली, म्हणजे थोडंसं पण धावता नाही येणार? हळूहळू पण? मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय, एक पाऊल जरी धावलात तर कायमचा जाईल. कुठल्या डॉक्टरांनी ते सांगितलं नाही.

बरं, म्हणाली. आणि उठून गेली. ताटात अर्धं तसंच.

फसलो नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

राजकारण मला आवडत नाही, पण जमतं. बाईंना म्हटलं, दौडीच्या दिवशी पाण्याच्या टेबलापाशी जाणकार माणूस हवं, कोणाला चक्कर आली, काही झालं, डॉक्टर तिथे असलेल्या बऱ्या. बाई म्हणाल्या, दातांच्या डॉक्टर आहेत त्या. मी म्हटलं, चक्कर येऊन पडल्यावर दातच पडतात. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि बरं म्हणाल्या.

म्हणजे डॉक्टर आता कोणाचीच सोबती होऊ शकत नाही. मैदान मोकळं.

तिला कळलं तेव्हा म्हणाली, अरे वा, सगळ्याजणी दिसतील मला.

हा टोमणा असणार. अजून शोधतोय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज जोडनंबर दिले गेले.

सगळ्यांचे घरचे लोक आले होते. मी मिशी कोरून, धावतोवाला शर्ट घालून मध्यभागी उभा. दोन्ही हात मोकळे ठेवले होते. मुली सुटल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंनी गेल्या. खिडकीने आपला नंबर मावशीला दिला. एकीने बाईंना दिला! बाई सत्तरीच्या आहेत. बाईंनी तो घेतलाही.

लेक माझ्या दिशेने येत होती. मी वाक्य मनात म्हटलं. ती जवळ आली, थांबली, माझ्या गुडघ्याकडे बघितलं, आणि पुढे जाऊन तो तुकडा माझ्या मागे उभ्या असलेल्या आईच्या हातात दिला.

आईच्या! मी महिनाभर डॉक्टरवर पाळत ठेवून होतो आणि चोरी घरातूनच झाली.

बायकोला म्हटलं, अगं, तू धावतेस कधी? म्हणाली, रोज सकाळी सहाला मी कुठे जाते असं वाटतं तुम्हाला? म्हटलं, दुधाला. म्हणाली, दूध पंधरा वर्षं दारात येतंय.

डॉक्टरलाही कोणी नंबर दिला नाही. तरी ती टाळ्या वाजवत हसत होती. तिचं हसणं मी बराच वेळ तपासलं. खोट सापडली नाही. दात चांगले आहेत.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बोलायचं नाही असं ठरवलं. घरात कोणाशीच नाही. दुपारपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणून मीच सांगितलं की मी बोलत नाहीये.

वर बाईंचा फोन. सोबत्यांना शर्ट कमी पडतायत, तुम्ही धावणार नाही तेव्हा तुमचा द्या. काना निघतो का ते बायकोने घासून पाहिलं. नाही निघत. मार्कर पक्का आहे. मी नेहमी चांगला माल घेतो.

१ मार्च, रविवार

मलाही पाण्याच्या टेबलावर नेमलं. बाई म्हणाल्या, चक्कर येऊन पडणाऱ्यांसाठी गादीवालाही जवळ असलेला बरा.

मी कप भरत होतो, डॉक्टर देत होती. बोलायचं नाही ठरवलं होतं, पण तीच म्हणाली, गुडघा कसा आहे हो आता? म्हटलं, आहे. म्हणाली, तुमची लेक विचारत होती मला. गुडघा दुखणारा माणूस अगदी हळू धावला तर चालेल का, मध्ये मध्ये चालला तर चालेल का, मी त्याच्यासाठी थांबले तर चालेल का. मी तिला म्हटलं, बाबांनाच विचार. तिने विचारलं म्हणे एका रात्री जेवताना, पण तुम्हाला फारच त्रास होतोय. मग म्हणाली, ताई, बाबाला नंबर दिला तर तो माझ्यासाठी धावेलच, आणि त्याचा गुडघा कायमचा जाईल.

मी कप भरत राहिलो. बरेच सांडले.

मग त्या दोघी आल्या. लेकीचा चेहरा लालबुंद. शेजारी बायको, छातीवर मी धावतो. व्यवस्थित धावत होती. लेकीने कप घेतला, एका घोटात संपवला आणि म्हणाली, थँक्यू काका, तुम्ही बसा हं, उभे राहू नका.

नियम तिने मोडला नाही.

त्या वळणावरून दिसेनाशा झाल्यावर डॉक्टरने माझ्याकडे एक कप सरकवला. यात मला काहीही वावगं सापडलं नाही, आणि त्याचाच राग आला.

२ मार्च, सोमवार

लेकीला म्हटलं, आता मैदानावर बाबा म्हटलंस तरी चालेल. ती म्हणाली, नको रे बाबा, बाकीच्या मुलींना काय वाटेल? तूच म्हणतोस ना, शिस्त म्हणजे शिस्त.

मग तिने विचारलं, गुडघा दुखतोय का फार?

म्हटलं, नाही. बराच बरा आहे.

एकदम? म्हणाली.

एकदम, म्हटलं.

३ मार्च, मंगळवार, संध्याकाळी चार

मुली पाचला येतात. दुकान लवकर बंद केलं. पिवळा शर्ट आता बायकोचा. दुकानाचा घालून गेलो, पाठीवर लिहिलंय: आता तरी निवांत झोपा.

मैदानात कोणी नव्हतं. गेटच्या कोपऱ्यापासून निघालो. नळापर्यंत बरं गेलं. नळापाशी गुडघे धरून उभा राहिलो. दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत, धाप लागली होती, बस. तिथून चालत गेलो असतो तरी कोणाला कळणार नव्हतं.

पण थांबलेली फेरी आपण धरत नाही.

गेटपाशी परत आलो. पुन्हा पहिल्यापासून. यावेळी इतका हळू की बाजूने एक कुत्रं चालत पुढे गेलं. नळ गेला. शाळेची मागची भिंत गेली. गेट आलं.

खिशात नवी शिट्टी होती. वाजवली नाही.