गाडीचं पस्तान

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या कृष्णाचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण गाडीला धक्के मारून कंबर धरलीय, तेव्हा उभ्याउभ्याच करतो, गोड मानून घ्या. तुमची शुगर कशी आहे? मेघावहिनींचे गुडघे? चि. संस्कृतीच्या लग्नाची गडबड असेल, त्यात माझं पत्र म्हणजे आणखी एक कटकट. पण फोन केला की तुम्ही मीटिंगमध्ये असता. (रिटायर झालेल्या माणसाला एवढ्या कसल्या मीटिंगा असतात, हे मी इथं बऱ्याच जणांना विचारून पाहिलं.) आईची तब्येत बरी आहे. तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सांगतो.

तर पहिली गोष्ट म्हणजे गाडी येणार नाही. अण्णांची गाडी नवरीला मांडवात आणायला पाहिजे, फोटो चांगले येतात, असा तुमचा मेसेज आला. खाली दुसरी ओळ होती, "आईला एवढा प्रवास झेपणार नाही, तिला आणू नकोस." म्हणजे साठ वर्षांच्या गाडीला प्रवास झेपतो आणि आईला झेपत नाही! मला लई राग आला. मी ती दुसरी ओळ वाचून दाखवलीच नाही. आईला वाटलं, गाडीला बोलावलंय म्हणजे आपल्यालाही बोलावलंय. ती कामाला लागली. नातीच्या रुखवतासाठी कुरडया केल्या, सांडगे घातले, शेवया वळल्या. एवढा मोठा पत्र्याचा डबा भरला की डिकीत बसेना. मग तिनं डिकीतली स्टेपनी काढून अंगणात ठेवली आणि त्या जागी डबा बसवला. म्हणाली, "चाकं चार हायेत की खाली. पाचवं कशाला?"

आता पस्तानाचं ऐका. तुम्ही पुण्याला गेल्यापासून विसरला असाल. निघायचा मुहूर्त एक आणि सोय दुसऱ्याच दिवशी असली, तर मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू शेजारी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. मग मागं फिरायचं नाही. (एकदा अण्णा चष्मा विसरले होते, तर आईनं त्यांना फाटकातून परत येऊ दिलं नाही. बिनचष्म्याचे देवगाव रंगारीला जाऊन भलत्याच नवऱ्या मुलाला आहेर करून आले.) यावेळी आईचं म्हणणं पडलं की प्रवासी आपण नाही, प्रवासी गाडी आहे. म्हणून तिनं गाडीचं हँडल घेतलं, त्याला हळदीकुंकू लावलं, लाल कापडात गुंडाळलं आणि मुहूर्तावर इलियासभाईंच्या घरी नेऊन ठेवलं. अण्णांचे जुने मेकॅनिक म्हणून तेही सोबत येणार होते. या गाडीचा सेल्फ कधीचाच गेलाय आणि हँडल मारल्याशिवाय ती सुरूच होत नाही, हे आम्हां दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी हँडल आणायला गेलो तर इलियासभाई पाचोडच्या बाजाराला गेलेले, हँडल सोबत घेऊन! दुपारी आले. मी तोंड सोडलं, तर छातीवर हात ठेवून म्हणतात, "भाभी की अमानत है मियाँ, घर में छोड़ के कैसा जाता?" बिचारे बाजारभर ते लाल गाठोडं बगलेत धरून हिंडले. लोक म्हणे विचारत होते, कोण गेलं?

निघालो एकदाचे. वाळूजच्या अलीकडंच मागचं चाक बसलं आणि स्टेपनी अंगणात! पंक्चरवाला सापडेपर्यंत मी आणि इलियासभाई गाडी ढकलतोय, आई मागच्या सीटवर नवं लुगडं नेसून बसलेली, आणि येणारेजाणारे आमच्यासोबत सेल्फी काढतायत. एकानं तर आईलाच विचारलं, आजी, शूटिंग कोणत्या सिरियलचं? आई म्हणाली, "शूटिंग नाय बाबा, नातीचं लगीन हाय. पुण्याला चाललो." असं तिनं पंक्चरवाल्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, टोलनाक्यावर तर कुणी न विचारता सांगितलं. कायगावच्या पुलावर गाडी थांबवायला लावून गोदामाईत नाणं टाकलं.

आणि नेवासा फाट्याच्या अलीकडं इंजिन बसलं. धूर, वाफ, ठकठक, सगळं झालं. इलियासभाईंनी हात टेकले. शेवटी ट्रकवर घालून घरी आणली. तेव्हा नवरीसाठी दुसरी गाडी बघा. पुण्यात भाड्यानं मिळतात, फुलांसकट. आम्हाला माफ करा. वहिनींना नमस्कार, संस्कृतीला आशीर्वाद. (नाव मात्र निवडून ठेवलंत हां तुम्ही.)

आपला,
कृष्णा

ता. क. ट्रकचं मी खोटं लिहिलं. इंजिनला काहीही झालेलं नाही. पूल ओलांडल्यावर तुमचा फोन आला होता. मी गाडी चालवत होतो म्हणून इलियासभाईंनी स्पीकर लावून धरला. आई सोबत आहे म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "तिला नगरला मावशीकडं उतरव. हॉलवर तिचं कोण बघत बसणार? आणि गाडी तेवढी नीट पुसून आण." मागच्या सीटवर सगळं ऐकू गेलं. मग आई म्हणाली, "किस्ना, गाडी वळव. इंजिन तापलंय." इंजिन गार होतं दादा. इलियासभाई खिडकीकडं तोंड करून बसले. जिनं अण्णांना चष्म्यासाठी मागं फिरू दिलं नाही, तिनं स्वतः पस्तान मोडलं. तुम्हाला कॉलेजात सोडायला याच गाडीतून ती पुण्याला आली होती, तुमची वळकटी मांडीवर घेऊन. तेव्हा तिला प्रवास झेपला होता.

दुसरा ता. क. गाडी खरंच पाहिजे असेल तर स्वतः या, आईसमोर बसा आणि रीतीनं कुंकू-अक्षता देऊन लग्नाचं आमंत्रण करा. हँडल तिच्या उशाखाली आहे. तुम्ही आलात की ती लगेच काढून देईल, रागावणारसुद्धा नाही, याचाच मला जास्त राग येतो. स्टेपनी अजून अंगणातच पडलीय. डिकीतला कुरडयांचा डबा ती काढू देत नाही.