मागच्या उंबऱ्याखालची माती

३ नोव्हेंबर २००३
मिळाली बाबा एकदाची नोकरी! निसर्ग उद्यानाच्या माहिती केंद्राची प्रमुख कोण, तर मी, दीक्षा. राजारामपुरीतल्या खोलीपासून गाडीवरून अर्धा तास. केंद्र म्हणजे धरणात जाणाऱ्या गावातलं शेतघर. दगडांवर आकडे घालून उतरवलं, इथं जसंच्या तसं उभं केलं. चुलीशेजारी पाखरांचे फोटो, गोठ्यात पोरांना बसायला बाकं. लई भारी दिसतंय! मागच्या दाराचा उंबरा तेवढा बसवायचा राहिलाय.

६ नोव्हेंबर
घराच्या मूळ मालकीण बयाबाई आल्या. त्यांची दीड वर्षाची लेक गेली, तिला मागच्या दाराशीच पुरलं होतं. तिथली मूठभर माती बांधून आणलीय. उंबऱ्याखाली घाल म्हणाल्या, न्हाईतर पोर घर हुडकत फिरंल. आमच्या घरात असलं कुणी मानत नाही. पण त्यांचं तोंड बघून हो म्हटलं.

१० नोव्हेंबर
केरबा गवंड्यानं सकाळीच उंबरा बसवून सिमेंट भरलं. मी सांगायचंच विसरले. परत उखडा म्हणायची लाज वाटली. माती एका रोपाच्या पिशवीत ओतली. दुपारी बयाबाईंनी विचारलं. घातली की, म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मानत नव्हते तर तसं सांगायचं, खोटं कशाला बोलले मी?

१३ नोव्हेंबर
बयाबाईंच्या जुन्या गावात धरणाचं पाणी भरलं म्हणे. आज मागच्या दाराबाहेर ओली पावलं. इवलीशी. उंबऱ्यापर्यंत येतात आणि मागं वळतात. केरबा म्हणाला, सहलीतलं पोर असंल. आज सहल नव्हती.

१५ नोव्हेंबर
दार बाहेरून खरवडतंय कुणीतरी. भरदिवसा. उघडलं की कुणी नाही. ती पिशवी शोधली — रोपं सगळी शाळांना वाटून झालीत. काय करून बसले मी —

१६ नोव्हेंबर
बयाबाईंचे पाय धरले. सगळं सांगितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी माती कुणाच्या हातात होती, एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याच. मग ती तुझ्याच मागं येनार, म्हणाल्या. हाकलू नगंस तिला. ल्हान हाय.

१७ नोव्हेंबर
राजारामपुरीतल्या खोलीचं दार लावलंय. कडी घातलीय. फरशी ओली — दारापासून — माझ्या खुर्चीपर्यंत. चुकलं गं बाळा, चुकलं माझं — ओढणी खालून ओढतंय — आई म्हणतेय. मला. उचलून घे म्हण—