माझी बासरी, तिचा खोकला

११ सप्टेंबर, गुरुवार. सुट्टी.
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
सासऱ्यांचा (सोपानराव, पुनावळे, पाण्याचे तीन टँकर) फोन. म्हणाले, पाव्हणं, मॉलचं सोताच्या नावाचं ऑइल निम्म्यात मिळतंय, टँकरला घालावं का नावाजलेल्या कंपनीचंच बरं? म्हटलं, दसऱ्याला शास्त्रशुद्ध उत्तर देतो. म्हणाले, उत्तर पटलं तर टँकरचा कारभार तुमीच बघा.
कारभार! चाकणच्या कारखान्यातल्या शिफ्टला रामराम! कार्डावर ‘फ्लीट हेड’. तीन टँकरना फ्लीट म्हणतात का, बघावं लागेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
दोन डबे आणले. एक मॉलचं सिंथेटिक, एक नावाजलेलं. मागे ग्रेड तीच, शिक्के तेच. पण छापील मजकुरावर विसंबणारे फ्लीट हेड होत नाहीत. नावाजलेलं माझ्या स्कूटरमध्ये, मॉलचं जयमालाच्या. विज्ञानासाठी बायकोला थोडा त्रास होणारच.
टँकरचं ऑइल स्कूटरमध्ये कसं तपासणार, असं तिने विचारलं. इंजिन ते इंजिन.
सासूबाईंचाही फोन. पितृपक्षात नवीन वस्तू घेऊ नका म्हणाल्या. सांगितलं, विज्ञानाला पितृपक्ष नसतो. त्यांनी फोन जयमालाला द्यायला सांगितला.

१२ सप्टेंबर.
भोसरीला शादाबच्या गॅरेजात ऑइल बदललं. एक स्कूटर मी नेली, एक जयमालाने. डबे तिच्याकडे होते. जातीने देखरेख केली. समोरच्या मिसळवाल्याकडून. तिथून गॅरेज स्वच्छ दिसतं, मध्ये बस उभी नसेल तर. आज होती.
पण परत येताना काय फरक! माझी स्कूटर बासरी. संत तुकाराम नगरपर्यंत अक्षरशः सुरात आली. जयमालाची मागून खोकत होती. निकाल पहिल्याच दिवशी लागला. तरी शास्त्र म्हणून दसऱ्यापर्यंत थांबणार.

१५ सप्टेंबर.
जयमाला डब्यांबद्दल काहीतरी सांगत होती. थांबवलं. निकालापर्यंत घरात ऑइलबद्दल एक शब्द नको, रीडिंगवर परिणाम होतो. तिने हात जोडले. आदर वाढतोय.

१९ सप्टेंबर.
शिफ्टमधल्या अफताबला डोळे मिटायला लावून दोन्ही स्कूटर ऐकवल्या. म्हणाला, शेखरभाऊ, दोन्ही सेम आहेत राव. बिचारा. प्रेस शॉपच्या धडधडाटात एवढी वर्षं काढली, कान जाणारच.
साक्षीदार म्हणून त्याचं नाव वगळलं.

२४ सप्टेंबर.
जयमालाच्या स्कूटरचा खोकला वाढला. ती म्हणते, तिला ऐकू येत नाही. सवय झाली असणार. पुन्हा डब्यांचा विषय काढत होती. बोटानेच गप्प केलं.
रिकामे डबे पुरावा म्हणून लागतील, एवढंच विचारलं. जपून ठेवलेत म्हणाली. हसत का होती?

१ ऑक्टोबर. खंडेनवमी.
कंपनीत मशीनची पूजा, पेढे. भरात येऊन शिफ्ट इन्चार्ज अर्जुनरावांना सांगून टाकलं, दुसरा माणूस बघा, आपण आता फ्लीटमध्ये. त्यांनी मिठी मारली. इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.
उद्याचं भाषण आरशासमोर म्हटलं. दोनदा टाळ्या येतील.

२ ऑक्टोबर. दसरा. सकाळ.
पुनावळ्याला निघालो. माझी बासरी फारच सुरात.

२ ऑक्टोबर. दुपार.
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
तिन्ही टँकरना झेंडूचे हार. भावकी जमलेली. मी टँकरच्या पायरीवर चढून बोललो. बासरी, खोकला, सगळं. शेवटी म्हटलं, मॉलचं ऑइल टँकरजवळही आणू नका. टाळ्या एकदाच आल्या, पण जोरात.
तेवढ्यात सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. ताटात माझे दोन डबे. हळदीकुंकू वाहिलेले, वर झेंडू. झाकणांचं सील शाबूत.
म्हणाल्या, पाव्हणं, आता उघडा, मुहूर्त हाय. पितृपक्षात नवं उघडू न्हाई म्हणून मीच जयूला म्हनलं हुतं, शादाबला सांग, दोन्ही गाड्यांत त्याच्याकडचं न्येहमीचंच वत.
दोन्ही गाड्यांत. एकाच पिंपातलं.
मग सासऱ्यांनी हळूच विचारलं, मंग ती बासरी कशाची वाजत हुती?
जयमाला म्हणाली, किती वेळा सांगायला गेले, बोलू दिलं का? मला पायरीवरून उतरता येईना. लाज वाटली, खरंच वाटली.
मग तिने दोन्ही डबे उचलले, मागचं वाचलं. म्हणाली, आबा, ग्रेड एकच, शिक्के एकच. टँकरसाठी कोणती ग्रेड लागते ते गाडीच्या पुस्तकात बघू, ती मॉलच्या डब्यावर असली तर तो घेऊ. सासरे म्हणाले, व्हय, हे कळलं.

३ ऑक्टोबर.
टँकरचा कारभार आजपासून जयमाला बघणार.
अर्जुनरावांना फोन केला. म्हणाले, तुमच्या जागी माणूस घेतला, फक्त नाइटला एक जागा आहे. म्हटलं, ऑइल कोणतंही असो, येतो. त्यांना संदर्भ कळला नाही.
प्रयोग अगदीच वाया गेला असं नाही. पहिला टप्पा म्हणता येईल.
सकाळी जयमाला पुनावळ्याला माझी स्कूटर घेऊन गेली. म्हणाली, तुझी बासरीसारखी वाजते ना, मालकिणीला शोभेल.
आता मी तिची घेऊन चाकणला निघालोय. गेटपर्यंत कान देऊन ऐकली. अजिबात खोकत नाही.