जा, परवानगी आहे

३ मार्च, सोमवार
नगरपालिकेची नोटीस आली. घरामागचा माझा आठ फुटी बोळ म्हणे सार्वजनिक पायवाट करणार – फरश्या, दिवा, पाटी, सगळं. हरकत असल्यास कळवावी. आहे ना! बोळ माझ्या नावावर आहे. तिथे पत्र्याची खोली काढून पुस्तकबांधणीचं टेबल मांडायचं, एवढी एकच इच्छा उरली आहे. दुकान सुटल्यापासून मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पुस्तकं शिवतो. सूनबाई बोलत काही नाही, पण माझं खळीचं पातेलं काल गॅलरीत गेलं.

४ मार्च
वकिलाकडे. म्हणाला, लोक वीस वर्षं न विचारता जात असतील तर वहिवाटीचा हक्क लागतो. "तुमच्या परवानगीने जात असतील, तर मात्र नाही."
एवढंच ना? देतो परवानगी!

५ मार्च, बुधवार
सकाळी सहापासून बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो. येईल त्याला, "जा, परवानगी आहे." दूधवाला घाबरून परत फिरला. ड्यूटीला निघालेली गल्लीतली नर्स म्हणाली, "काका, बरं वाटत नाहीये का?" दिवसभरात त्रेचाळीस परवानग्या. घसा बसला.

७ मार्च
शत्रू जागा झाला. पलीकडच्या घरातल्या बाई – शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका – त्यांनी गल्लीची सभा घेतली. बसस्टॉपला जायला हाच जवळचा रस्ता, नाहीतर वळसा मोठा. आता सगळे पढवलेले. मी "परवानगी आहे" म्हटलं की उत्तर येतं, "नको, आम्ही हक्काने जातो." बाई स्वतः दिवसातून चारदा जातात. बसस्टॉपवर काम काही नसतं. जातात आणि येतात.
मुलगा म्हणाला, "बाबा, लोक हसतायत." हसू देत.

१२ मार्च
बाई दोन दिवस दिसल्या नाहीत. पाय मुरगळला म्हणे. बरं झालं, असं आधी मनात आलं. मग लाज वाटली. बाकीचे रोजच्यासारखे गेले, पण त्यांच्याशी भांडण्यात राम नाही.
शुक्रवारी नगरपालिकेचा कारकून येणार. कोण हक्काने जातं, कोण परवानगीने, याची जागेवर नोंद करणार.

१४ मार्च, शुक्रवार
काय करून बसलो!
कारकून सकाळीच वही घेऊन शेजारी बसला. "परवानगी आहे." "नको." "आहे." "नको." तो प्रत्येकापुढे 'वाद' असा शेरा मारत होता. दुपारपर्यंत मामला बरोबरीत.
चार वाजता बाई आल्या. काठी टेकत, चेहरा पांढराफटक. पुढ्यात थांबल्या. आता 'हक्काने' म्हणणार म्हणून मी सरसावून बसलो. तर म्हणाल्या, "जरा बसू का?"
मी उठलो, खुर्ची पुढे केली, आणि तोंडातून निघून गेलं, "विचारताय काय? आपलंच समजा सगळं."
कारकुनाने लिहून घेतलं. 'मालक म्हणतात, आपलंच समजा सगळं.' मी म्हटलं, अहो, ही बोलायची रीत झाली. तो म्हणाला, "ऐकलं ते लिहिलं." शेवटी बाईंनीच त्याला वर्गातल्या पोरासारखं झापलं, "ते खुर्चीबद्दल बोलले!" त्याने वही मिटली.
जन्मभर लोकांची पुस्तकं शिवली. तोंड शिवायचं राहिलं.

१८ मार्च
पत्र. जागेवरचं विधान ग्राह्य धरलं आहे. खुलासा करायचा तर सोमवारी पाचच्या आत, साक्षीदारासह. साक्षीदार कुठून आणू? सगळी गल्ली विरुद्ध.
संध्याकाळी बाईंचा निरोप – "साक्षीला मी येते. मला असं जिंकायचं नाही." ऐकून डोळ्यांत पाणी आलं. खोली मिळणार आता.

२४ मार्च, सोमवार
बाई तीनला आल्या. खुलासा खिशात होता, सही करून. बोळात मी दुसरी खुर्ची मांडून ठेवली होती. म्हटलं, पायाला थोडी विश्रांती द्या, मग निघू. कचेरी पाचला बंद होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. उठलो तेव्हा सव्वासहा झाले होते.