तिसरं कडवं

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
दि. ११ जानेवारी १९९५

चि. नीला हिस आत्याचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आजीचे गुडघे थंडीने कुरकुरतात, तरी काल तिने पायरीवर बसून सुक्या मासळीतल्या वाकट्या निवडल्या. तुझ्या आईला सांग, लोणच्याची बरणी पोचली.

तिनेच शेजारून फोन करून सांगितलं की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून तू येत्या सोमवारी नाव मागे घेणार आहेस. म्हणून हे पत्र.

गॅदरिंगमध्ये काय झालं ते तू मला स्वतः सांगितलंस. त्या इंग्रजी रॅपच्या तिसऱ्या कडव्याला मागची पोरं ओरडली, "ए, आमच्याकडे पण कॅसेट आहे! हे काय घरी बनवलंस?" आणि तू माईक ठेवून उतरलीस. "आत्या, माझंच पाठांतर कच्चं," म्हणालीस. मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

पाठांतर कच्चं नव्हतं. मी लिहून दिलं तसंच तू म्हटलंस.

ती रॅपची कॅसेट मला पहिल्यापासून आवडली नव्हती. गाण्याला चाल हवी, शब्दांना थोडा आडपडदा हवा, असं माझं मत. तू म्हणायचीस, "आडपडदा ठेवायचा तर त्याने गायचंच कशाला?" आजी मात्र ऐकून हसली होती. "काय गो मंजुळे, यो गातंय का भांडतंय? आपल्या हळदीला बायका गाण्यातून व्याह्यांना अशाच धुतात." मी तिच्यावर चिडले, कारण तिचं खरं होतं.

तीन रविवार बटण मागेपुढे करत मी ते इंग्रजी उतरवलं. शिव्यांच्या जागी टिंबं दिली. ती तू आपली आपण भरलीस, त्याचं काही नाही. डायरीत मी तेव्हा लिहिलं, "अश्लील भाग सौम्य केला." काल ते पान वाचलं. ते खोटं आहे. तिसऱ्या कडव्यात एकही शिवी नाही.

त्यात तो सोडून गेलेल्या बापाशी बोलतो. तू विचारलंही होतंस, "इथे बापाबद्दल काहीतरी आहे ना?" मी म्हटलं, "छे, इंग्रजीत मित्रालाही तसं म्हणतात." आणि रस्ता, दोस्ती, उद्याची सकाळ अशा चार ओळी स्वतः जुळवून घातल्या.

गुणाजी तुम्हा दोघींना टाकून गेला त्याला आठ वर्षं झाली. या घरात आम्ही अजून "बाहेरगावी आहे" म्हणतो. तो माझा धाकटा भाऊ, माझ्या कडेवर वाढलेला. भरल्या सभागृहात त्याच्या मुलीने ते बोलावं, हे मला सोसणार नव्हतं. तुला काय काय सोसावं लागलं, ते मी कधी विचारलं नाही.

मूळ कडवं सोबतच्या कागदावर आहे, एकही शब्द न बदलता. त्यातल्या एका जागेचा अर्थ असा: "तू गेलास तेव्हा मला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. आता येते. कोणी शिकवली ते विचारू नकोस."

हे गाणं मला अजूनही आवडत नाही. हे कडवं आवडतं, आणि ऐकवत नाही.

नाव मागे घ्यायचं की नाही, ते तू ठरव. घेतलंस तरी स्वतःला दोष देऊ नकोस. पोरांना सांग, चूक आत्याची. गायलीस तर मी येईन, पुढच्या रांगेत बसेन. माझ्याकडे बघून थांबू नकोस.

तुझी आत्या, आणि गुणाजीची बहीण,
मंजुळा