चकरीवर आलेलं नाव

वरची वाडी, पालीजवळ, ता. वेल्हे
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

चि. अश्विनीस,

आजीचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर राहू दे पाकिटातच.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद काढला. भोरला आत्याकडं थंडी कमी असेल. हितं सकाळी भांड्याला हात लावला की बोटं आपली राहत नाहीत. वाल फुलोऱ्याला आलाय. तुझ्या बापाच्या गाडीचा दिवा अजून दुरुस्त नाही. मांजर तुझ्या गोधडीत व्याली, तिला मी हुसकलं नाही. माझा स्वभाव बदलला असं समजू नकोस. कंटाळा आला, बाकी काही नाही.

वाचनालय बंद आहे. कोंडिबा अध्यक्ष म्हणून मिरवतो, पण कुलूप लावायचं सोडून त्याला दुसरं काय येतं? संगणकावर पोतं टाकून ठेवलंय, जसं काही मेलेलं जनावर झाकलंय. सोनबा रोज काठी टेकत येतो आणि पायरीवर बसतो. त्याला दिसत नाही, तू त्याला ती पुस्तक वाचून दाखवणारी साईट लावून द्यायचीस ना. मला विचारतो, "चंद्राबाई, ती पेटीतली बाई रजेवर हाय का?" काय सांगू त्याला?

तू ग्रंथपालांच्या शिबिराहून त्या साईटींचं गाठोडं घेऊन आलीस तेव्हा मी हसले होते. एक म्हणे जाहिरातीचा कागद रंगवून देती. एक जुनी मासिकं उघडून दाखवती. एकीसमोर बोललं की ती आपलं बोलणं मराठीत लिहून काढती. आणि ती चकरी. पोरांची नावं घालायची, बटण दाबायचं, गरगर फिरून ज्याच्यावर थांबेल त्यानं शनिवारी मोठ्यानं गोष्ट वाचायची. गावची निम्मी पोरं चकरीसाठी यायची आणि जाताना पुस्तक घेऊन जायची. तेव्हा कळलं, पोरगी येडी नाही.

मला चकरी बघून भैरवनाथाचा कौल आठवला. देवाच्या दगडाला फुलाचा कळा चिकटवायचा, उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. मी म्हणाले तसं तुला. तू म्हणालीस, "आजी, ही कौल देत नाही. नुसती फिरते. तिला काही ठाऊक नसतं." ऐकलं होतं मी. तेव्हा पातेलं घासत होते, पण कान उघडे होते.

पुढचं तुला माहीत आहे, गावाला आहे तेवढं. तू वेल्ह्याला मीटिंगला गेलीस, किल्ली माझ्याकडं. भीमाची गाभण शेळी सांजच्याला ओढ्यावरून गेली ती आलीच नाही. भीमा रडत आली, मागं आणखी दोघीतिघी.

"चंद्रे, लाव की तुज्या नातीची चकरी. गुरव म्हनतो, कौलाला आईतवारपत्तुर थांब. तवर माजी शेळी कुनाच्या तरी कढईत जाईल."

मी नको म्हणायला हवं होतं. पण त्यांच्यात वाचता येणारी मी एकटी. चौथी पास. खुर्चीत बसले, तू बसतेस तशी. भीमा सांगत गेली, त्या सांजेला ओढ्यावरून कोण कोण गेलं, आणि मी एकेक नाव पेटीसमोर बोलत गेले. अमृत. वरच्या धनगरवाड्यातली फुलाबाई. भीमा म्हणाली, "तुजा गोरख बी गेला गाडीवरनं." म्हटलं, घालते, मी काय भिते का? बटण दाबलं.

"काय लिवलंय गं?" भीमानं विचारलं.

मी वाचलं, फुलाबाई.

एवढ्यावर सगळं झालं. नळावर बायका तिच्या हंड्यापासून आपला हंडा लांब सरकवायला लागल्या. पालीतल्या खानावळवाल्यानं तिचं दूध बंद केलं. पोरं तिला बघून बें बें करायला लागली. आणि पुढच्या आठवड्यात भीमाची शेळी आपल्या पायानं घरी आली, मागं करडू घेऊन. वरच्या कपारीत जाऊन व्याली होती बया.

मग सगळे तुझ्यावर उलटले. कोंडिबा भर बैठकीत म्हणाला, "तुमच्या मशिनीनं गरीब बाईवर आळ घेतला." तू म्हणालीस, "चकरी आळ घेत नाही. नावं कुणी घातली?" भीमानं माझ्याकडं बघितलं, तूही बघितलंस. आणि मी काय म्हणाले? "मला बाई त्यातलं काय कळतंय."

किल्ली कोंडिबानं मागायच्या आधी तूच टेबलावर ठेवलीस. तो आवाज अजून ऐकू येतो.

आता लिहिते. आतापर्यंत वाल आणि मांजर पुरवले, आता पुरवायला काही उरलं नाही.

चकरी फुलाबाईवर थांबलीच नव्हती. गोरखवर थांबली होती. माझ्या पोटच्या पोरावर, तुझ्या बापावर. ते नाव माझ्यासमोर ढळढळीत होतं. भीमानं विचारलं आणि माझ्या तोंडातून दुसरं नाव निघालं. इचार करायला वेळसुद्धा लागला नाही. त्याचीच लाज वाटते. इचार करून खोटं बोलले असते तर निदान म्हणता आलं असतं, डोकं फिरलं होतं.

काल धनगरवाड्यावर गेले. फुलाबाई म्हैस पिळत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"गोरखनं चोरली आसती का?"

"न्हाई."

"मंग म्या?"

"न्हाई."

"मंग माजंच नाव का तोंडात आलं तुज्या?"

अश्विनी, मी घरातनं दहा उत्तरं घडवून नेली होती. एक बाहेर आलं नाही. जे आलं ते असं: "तुज्या मागं भांडाय येनारं कोन न्हाई, म्हनून."

ती पिळत राहिली. चरवी भरली तेव्हा उठली आणि म्हणाली, "हितं म्हशीम्होरं कशाला सांगती? जितं माजं नाव घेतलंस तितं सांग." बस म्हणाली नाही. बरोबर केलं.

म्हणून रविवारी सगळ्यांना वाचनालयात बोलावलंय. तुझ्या बापाला काल रात्री सांगितलं, तो जेवत्या ताटावरून उठला. कोंडिबाकडून किल्ली मी घेऊन आले, त्याला काय बोलले ते लिहीत नाही. तू सकाळच्या एसटीनं ये. माझ्यासाठी येऊ नकोस, वाचनालयासाठी ये. सोनबाला पायरीवरून आत घेऊ, फुलाबाईला पुढं खुर्ची ठेवू, आली तर.

आणि हे पत्र तू त्या वाचणाऱ्या साईटीत घाल, सगळं, गोरखच्या नावासकट. मला वाचायला सांगू नकोस. समोर चार माणसं दिसली की माझी जीभ कुठं वळती ते आपण बघितलं. पेटीतली बाई लिहिलंय तेवढंच वाचते.

वाचता येत असूनही,
तुझी आजी
चंद्राबाई