तीनशे अठरा ठिकाणी

१७ सप्टेंबर, दुपार

ति. दादा,

नमस्कार. साष्टांग मुद्दाम गाळला आहे. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे. आप्पांचा डावा हात अजून उचलत नाही, तेवढं सोडून ठीक.

तुझा निरोप पोचला. साहेबांनी छापून माझ्या टेबलावर ठेवला होता. 'माझ्या कर्नलला हात लावायची हिंमत कोणी केली?' मी केली. तुला इथली नोकरी सोडून सहा वर्षं झाली तरी तुझा दरारा एवढा, की तीन ओळींवर साहेबांनी नवा प्रोग्रॅम रोखून धरलाय.

आईने विचारलं, कर्नल म्हणजे काय गं? म्हटलं, औषधाच्या पंपातल्या चिपमधला सगळ्यात खालचा प्रोग्रॅम, बाकीचे त्याच्या जिवावर चालतात. आणि दादाने त्यात इनलाइनचा सुकाळ केलाय. म्हणजे एकच कृती लागेल तिथे पूर्ण पुन्हा उतरवून काढायची. आई म्हणाली, "अगं, मग एकदाच लिहून पान नंबर टाकायचा ना!"

आई कधी कॉम्प्युटरला शिवलेली नाही, दादा.

तुझं लॉकचं फंक्शन तीनशे अठरा ठिकाणी चिकटवलेलं सापडलं. त्यात थेट चिपच्या भाषेत तुझी हाताने लिहिलेली असेंब्ली. रजिस्टरचे दोन कप्पे जपायचे तिथे आठ जपतोस, तेही तीनशे अठरा वेळा! का, तर फंक्शनला हाक मारण्यात वेळ जातो. जात असेल तुझ्या जुन्या चिपवर. मी ते एका जागी आणलं आणि सगळीकडून हाक मारली. पाच किलोबाइट मोकळे झाले. वेग मोजला, पहिल्यापेक्षा किंचित जास्तच भरला. आकडे सोबत जोडलेत. खोटे वाटले तर स्वतः मोज, पण मोज. नुसता ओरडू नकोस.

या चिपमध्ये इतकी वर्षं जागा नव्हती म्हणे!

आता त्या दुपारचं. पंपाची नळी आप्पांच्या कोपराखाली दुमडली. तीन तास औषध गेलं नाही आणि त्यांचा डावा हात लुळा पडला. पंप हिरवा दिवा लावून गप्प. तू फोनवर म्हणालास, "पंप माझा आहे, तो चुकणार नाही. आईचंच लक्ष नसेल." सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडलंस. ती तेव्हा शेजारच्या खोलीत आप्पांचे कपडे वाळत घालत होती. तेव्हापासून ती त्यांच्या खुर्चीशेजारून हलत नाही. जेवतेही तिथेच.

आणि मी फोन धरून मूग गिळून बसले होते.

नळी दुमडली की वाजणारा अलार्म त्या पंपात होता, दादा. मागच्या वर्षी पडद्याचा नवा प्रोग्रॅम आला आणि जागा पुरेना. दोन किलोबाइट हवे होते. तुझी फाइल उघडली. वर तुझं नाव, खाली 'विचारल्याशिवाय हात लावू नये'. विचारलं असतं तर तू माझी अक्कल काढली असतीस. मला ते नको होतं. म्हणून अलार्म काढला. कागदावर कारण लिहिलं, 'नर्स तपासतेच.' सही माझी. तो पंप कोणाच्या घरी जाईल, याचा विचार केला नाही. आपल्याच घरी आला.

तुझा राग येतो, खूप येतो. पण तुला इतकी घाबरले याचा त्याहून जास्त येतो.

साहेबांना आज सकाळी सगळं लेखी दिलं. नोकरी राहील असं वाटत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत अलार्म परत बसवलाय, पण तुझी हरकत आहे तोवर तो एकाही पंपात जाणार नाही. असे नऊशे पंप नऊशे घरांत हिरवा दिवा लावून बसलेत. हरकत आजच मागे घे. मग आईला फोन कर आणि तिची माफी माग.

मी तुझी वाट बघत नाही. पत्र संपवून उठते आहे. आई आप्पांच्या खुर्चीशेजारीच बसली आहे, तिथेच तिला सांगते.

तुझ्या फाइलवर तुझ्या नावाखाली स्वतःचं नाव घातलेली,
धाकटी